ड्रॉपवॉच : कर्नल अपग्रेडनंतर पॅकेट नेमके कुठे गळते, ते सांगणारे साधन

लिनक्स सर्व्हरचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अपग्रेड केल्यानंतर नेटवर्क संथ झाल्याची तक्रार आली, की पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. कोणीतरी पिंग लावून बसतो, कोणीतरी ‘ड्रॉप्ड’ या रकान्यातला वाढता आकडा दाखवतो, आणि थोड्याच वेळात जुना कर्नल बूट करून विषय मिटवला जातो. तात्पुरता उपाय म्हणून हे वाईट नाही. परंतु जुन्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या फार काळ मिळत नाहीत, आणि पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, का गळत होती हे कळलेलेच नसल्याने पुढच्या अपग्रेडच्या वेळी तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. ड्रॉपवॉच हे लहानसे, विनामूल्य आणि काहीसे दुर्लक्षित साधन अशा वेळी एकाच प्रश्नाचे उत्तर देते : कर्नलने पॅकेट टाकून दिले असेल, तर ते कोणत्या फंक्शनमध्ये टाकून दिले. हे उत्तर उपयोगी आहेच. पण ड्रॉपवॉच काहीच दाखवत नाही तेव्हाही ते तितकेच उपयोगी पडते, असे माझे मत आहे आणि ते मी पुढे एका प्रत्यक्ष उदाहरणातून मांडणार आहे.

हे साधन रेड हॅटमधील नील हॉर्मन यांनी लिहिले. त्याचा कर्नलमधला भाग, म्हणजे ‘ड्रॉप मॉनिटर’ हे मॉड्यूल, २००९ साली आलेल्या २.६.३० या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आहे. त्यामागची कल्पना साधी आहे. लिनक्समध्ये प्रत्येक पॅकेट ‘एसकेबी’ नावाच्या रचनेत वावरते आणि शेवटी ती रचना कोणीतरी मोकळी करावी लागते. पॅकेटचे काम रीतसर पूर्ण झाले असेल तर ‘कन्झ्यूम एसकेबी’ हे फंक्शन वापरायचे आणि ते वाटेतच टाकून द्यायचे असेल तर ‘केफ्री एसकेबी’ वापरायचे, असा भेद तेव्हापासून पाळला जाऊ लागला. ड्रॉपवॉच या दुसऱ्या वाटेवर पहारा ठेवते आणि तिथे कोण आले, म्हणजे कर्नलच्या कोणत्या ओळीवरून हाक आली, त्याची नोंद घेते. परत आलेल्या रजिस्टर पत्रावर कोणत्या टपाल कचेरीचा शिक्का आहे हे पाहावे, तसा हा प्रकार आहे. पत्र का परत आले याचा निम्मा उलगडा शिक्का पाहूनच होतो.

रेड हॅट परिवारातील वितरणांत याचे तयार पॅकेज मिळते. ते मिळत नसेल तिथे मूळ कोडवरून बांधून घेणेही अवघड नाही. नेटलिंक, पीकॅप आणि रीडलाइन यांसारख्या नेहमीच्या लायब्ररींच्या विकासासाठीच्या फाइली तेवढ्या लागतात. चालवताना रूटचे अधिकार हवेत. सुरू करताना ‘एल’ हा पर्याय देऊन त्यापुढे ‘केएएस’ लिहायला विसरू नये, कारण त्याशिवाय फंक्शनच्या नावाऐवजी नुसता सोळाच्या पायावरचा पत्ता छापला जातो आणि तो पाहून कोणालाही काही बोध होत नाही. हा पर्याय आपोआप का लागू होत नाही, हे मला अजूनही उमगलेले नाही. साधन उघडल्यावर स्वतःचा एक छोटा प्रॉम्प्ट येतो, तिथे ‘स्टार्ट’ लिहिले की ओळी उमटू लागतात : अमुक इतके ड्रॉप, अमुक फंक्शनमध्ये, फंक्शनच्या सुरुवातीपासून अमुक अंतरावर.

या ओळी वाचायची सवय लागायला थोडा वेळ जातो, मात्र नेहमी भेटणारी नावे मोजकीच आहेत. ‘एनएफ हुक स्लो’ दिसले की पॅकेट फायरवॉलच्या नियमाने अडवले आहे असे समजावे. डेबियनने २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयपीटेबल्स या जुन्या फायरवॉल साधनाच्या मागे एनएफटेबल्स ही नवी व्यवस्था आणून ठेवल्याने जुने आणि नवे नियम एकमेकांवर बसलेले असणे ही अपग्रेडनंतरची नेहमीची गोष्ट आहे. ‘एनक्यू टू बॅकलॉग’ आले तर एखाद्या सीपीयूकडे आलेल्या पॅकेटांची रांग, म्हणजे बॅकलॉग, भरून वाहते आहे. ‘आयपी रिसीव्ह फिनिश’ म्हणजे मार्ग सापडला नाही, किंवा उलट मार्गाच्या तपासणीत, म्हणजे आरपी फिल्टरमध्ये, पॅकेट नापास झाले. यूडीपी या प्रोटोकॉलच्या रांगेतले नाव दिसले तर ग्राहक प्रोग्राम पॅकेट उचलायला उशीर करतो आहे आणि त्याचा बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवण्याची जागा, भरला आहे, अशी शंका आधी घ्यावी. यांपैकी प्रत्येक शक्यतेचा उपाय वेगळा आहे, आणि नुसत्या ‘ड्रॉप्ड’ च्या आकड्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

आता उदाहरण. एका मध्यम आकाराच्या कार्यालयातील फाइल सर्व्हर डेबियन ११ वरून १२ वर, म्हणजे ५.१० कर्नलवरून ६.१ वर नेण्यात आला. मोठ्या फाइली कॉपी करताना गती अडखळते, अशी तक्रार दुसऱ्याच दिवशी आली, आणि इंटरफेसची आकडेवारी पाहिली तर आलेल्या पॅकेटांच्या बाजूला ‘ड्रॉप्ड’ खाली चार आकडी संख्या होती. पुरावा डोळ्यांसमोर होता, निदान तसे वाटत होते. ड्रॉपवॉच लावल्यावर एकच फंक्शन पुन्हा पुन्हा येऊ लागले : ‘नेटिफ रिसीव्ह एसकेबी कोअर’. हे कर्नलच्या नेटवर्क थराचे अगदी पहिले दालन आहे. ड्रायव्हरकडून पॅकेट आत आले, पण पुढे कोणत्या प्रोटोकॉलकडे सोपवायचे ते ठरत नाही, तेव्हा ते इथे टाकले जाते.

त्या ओळींचा ताल पाहण्यासारखा होता. कोणी फाइल कॉपी करत असो वा नसो, साधारण दर दोन सेकंदांनी एक ड्रॉप पडत होता आणि दर तीस सेकंदांनी त्यात एकाची भर पडत होती. गर्दीमुळे होणारी गळती इतकी घड्याळासारखी कधीच नसते. दोन सेकंद हा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलच्या, म्हणजे जाळ्यात पॅकेट गोल फिरत राहू नयेत म्हणून स्विच वापरतात त्या प्रोटोकॉलच्या, हॅलो संदेशाचा ठरलेला काळ आहे, आणि तीस सेकंद हा एलएलडीपी या प्रोटोकॉलचा, ज्यातून स्विच आपली ओळख शेजाऱ्यांना कळवत राहतो. दोन्ही प्रकारच्या फ्रेम, म्हणजे केबलवरून जाणारी पॅकेट, स्विच प्रत्येक पोर्टवर पाठवतो. सर्व्हरवर त्या ऐकणारे कोणी नसेल तर कर्नल त्या टाकून देतो आणि इमानेइतबारे मोजतो. २०११ च्या जानेवारीत आलेल्या २.६.३७ कर्नलपासून हा आकडा अशा बेवारस फ्रेम, न नेमलेल्या व्हीलॅनच्या (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याच्या) फ्रेम आणि आयपीव्ही६ बंद असलेल्या यंत्रावर आलेली आयपीव्ही६ पॅकेटही मोजतो. म्हणजे हे ड्रॉप अपग्रेडच्या आधीही तितकेच पडत होते. फक्त तेव्हा तो रकाना पाहण्याचे कोणाला कारण नव्हते.

याची खातरजमा करण्याची एक सोपी रीत आहे. टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन सुरू करावे आणि ‘ड्रॉप्ड’ चा आकडा पाहत राहावा. अशा फ्रेममुळे तो वाढत असेल तर टीसीपीडंप चालू असेपर्यंत जागच्या जागी थांबतो आणि बंद करताच पुन्हा चालू लागतो, कारण टीसीपीडंप सगळ्याच प्रोटोकॉलची पॅकेट मागत असल्याने त्या फ्रेमना तेवढ्यापुरता वाली मिळतो. नेमक्या याच कारणाने टीसीपीडंप घेऊन ड्रॉप शोधायला निघालेला माणूस रिकाम्या हाताने परततो. ड्रॉपवॉचमध्ये सूचनेचा प्रकार बदलून ‘पॅकेट’ केला, तर टाकलेल्या प्रत्येक पॅकेटचा प्रोटोकॉल क्रमांक, लांबी आणि वेळ दिसते. ५.४ कर्नलपासून आलेली ही सोय मला या साधनातली सर्वांत कामाची वाटते, आणि एलएलडीपीचा क्रमांक तिथे छापून आला की मग वादाला जागा उरत नाही.

चार आकडी ‘पुरावा’ अशा रीतीने निकालात निघाला, पण फाइली अडखळणे थांबले नव्हते. म्हणून मोठी फाइल कॉपी करत असतानाच ड्रॉपवॉच चालवले, आणि ते गप्प राहिले. स्पॅनिंग ट्रीचा तोच संथ ताल सोडला तर एकही नवी ओळ नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला टीसीपीची पुनःप्रेषणे वाढत असलेली दिसत होती. इथे ‘साधन नीट चालत नाही’ असा निष्कर्ष काढून अनेक जण ते बंद करतात. वास्तविक या शांततेचा अर्थ अगदी काटेकोर आहे. ड्रॉपवॉचला तीच पॅकेट दिसतात ज्यांची एसकेबी तयार झाली होती. नेटवर्क कार्डाच्या आतच हरवलेले, रिंग बफरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरने उचलेपर्यंत पॅकेट थांबतात त्या जागेत, जागा न मिळालेले किंवा कार्ड वेळेवर जागे न झाल्याने निसटलेले पॅकेट एसकेबीपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे ते टाकून देण्याचा प्रश्नही येत नाही. पॅकेट गळत आहेत आणि ड्रॉपवॉच गप्प आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर फायरवॉल, रूटिंग, बॅकलॉग आणि सॉकेट बफर ही सगळी मंडळी एकाच वेळी संशयितांच्या यादीतून बाहेर पडतात, आणि शोध कार्ड, ड्रायव्हर, केबल किंवा स्विच यांच्यापुरता उरतो.

पुढचे काम इथटूलचे, म्हणजे नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या साधनाचे, होते. कार्डाची स्वतःची आकडेवारी मागितल्यावर त्यात ‘मिस्ड’ हा काउंटर कॉपी चालू असताना झपाट्याने चढताना दिसला. त्यानंतर ड्रायव्हरचे नाव विचारले, आणि तिथे खरी गोष्ट बाहेर आली : जुन्या कर्नलवर कार्ड निर्मात्याच्या स्वतंत्र ड्रायव्हरवर चालत होते, आणि नव्या कर्नलवर त्याच कार्डाचा ताबा कर्नलमधल्या अंगच्या ड्रायव्हरने घेतला होता. निर्मात्याचा ड्रायव्हर डीकेएमएस या व्यवस्थेतून बसवलेला होता. ती प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बांधते, पण त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली हव्या असतात, आणि हेडरचे पॅकेज अपग्रेडमध्ये आलेलेच नव्हते. मॉड्यूल बांधले गेले नाही, अपग्रेड मात्र बिनबोभाट पूर्ण झाला. नेटवर्क बंद पडले असते तर लगेच कळले असते. इथे ते चालू होते, फक्त वेगळ्या हातांत.

वेगळ्या हातांत म्हणजे वाईट हातांत असे नव्हे. कर्नलमधला ड्रायव्हर जास्त लोक वापरतात आणि तो कर्नलबरोबरच दुरुस्त होत राहतो, म्हणून मी शक्यतो त्याच्याच बाजूने असतो. अडचण विजेच्या बचतीची होती. पीसीआय एक्सप्रेसच्या जोडणीला रिकाम्या वेळी झोपवणारी एएसपीएम नावाची सोय दोन्ही ड्रायव्हर वेगवेगळ्या रीतीने हाताळत होते, आणि या यंत्रावर जोडणी झोपेतून उठेपर्यंत कार्डाचा छोटासा बफर भरून जात होता. ५.५ कर्नलपासून प्रत्येक पीसीआय उपकरणाच्या सिसफएस फोल्डरमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दिसतात ती जागा) ‘लिंक’ या नावाखाली ही सोय त्या एकाच उपकरणापुरती बंद करता येते. तिथल्या ‘एल वन एएसपीएम’ फाइलमध्ये शून्य लिहिले आणि ‘मिस्ड’ चा आकडा थांबला. बूटच्या वेळी संपूर्ण यंत्राची एएसपीएम बंद करणारा पर्यायही आहे, आणि इंटरनेटवर तोच सर्रास सुचवला जातो. परंतु एका कार्डासाठी सगळ्या यंत्राची वीजबचत घालवणे मला पटत नाही.

या प्रकरणात कारण शोधून काढले ते इथटूलने, मग श्रेय ड्रॉपवॉचला का, असे कोणी विचारेल. इथटूलमध्ये एखाद्या कार्डाचे शेकडो काउंटर असतात, ड्रायव्हर बदलला की त्यांची नावे बदलतात, आणि त्यांतला कोणता महत्त्वाचा हे आधी ठाऊक नसेल तर माणूस त्या यादीत हरवतो. ड्रॉपवॉचने शोधाचे क्षेत्र अर्ध्यावर आणून ठेवले होते. कर्नलच्या दोन आवृत्त्यांमधला दोषी बदल गिट बायसेक्टने शोधण्याचा राजमार्ग आहे खरा, पण एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात, आणि दर वेळी निम्मे वगळत गेले तरी तेरा-चौदा वेळा कर्नल बांधून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. चालू सर्व्हरवर ते कोण करू देणार?

उणिवा बऱ्याच आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे खोट्या गजराची. सॉकेट बंद होताना रांगेत उरलेली पॅकेट, कर्नलच्या अंतर्गत नेटलिंक संदेशांच्या प्रती अशा निरुपद्रवी गोष्टीही काही कर्नलवर ‘केफ्री’ च्या वाटेने जातात आणि ड्रॉप म्हणून उमटतात. आवृत्तीगणिक ही घाण साफ होत आली आहे, पण संपलेली नाही. दुसरी, साध्या प्रकारात कोणत्या इंटरफेसवरचे पॅकेट होते तेही कळत नाही. पाच-सहा इंटरफेस आणि वर कंटेनरांचे जाळे असलेल्या यंत्रावर हे फारच अपुरे पडते. तिसरी, क्लाउडसाठी छाटलेल्या काही कर्नलमध्ये ड्रॉप मॉनिटर हे मॉड्यूल नसते, आणि मग ड्रॉपवॉच ‘नेट डीएम फॅमिली सापडत नाही’ एवढेच सांगून थांबते. या संदेशाचा अर्थ ‘तुमच्या कर्नलमध्ये हे मॉड्यूल नाही’ असा आहे, हे नवख्या माणसाला कसे कळावे? हार्डवेअरमधले ड्रॉप दाखवण्याचा पर्यायही यात आहे, पण तो लिनक्सवर चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या चिपसाठी आहे. आपल्या साध्या कार्डाचा ‘मिस्ड’ त्यात दिसेल या आशेवर राहू नये.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र अशी, की ड्रॉपवॉचमधून कारणाचा अंदाज बांधण्यासाठी फंक्शनचे नाव वाचता यावे लागते. या बाबतीत कर्नलच पुढे सरकला आहे. २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या ५.१७ आवृत्तीपासून पॅकेट टाकताना त्याचे कारणही नोंदवण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढच्या आवृत्त्यांत कारणांची यादी वाढत गेली : सॉकेट नाही, चेकसम चुकला, नेटफिल्टरने अडवले, आरपी फिल्टरने अडवले, प्रोटोकॉल ओळखता आला नाही. परफ या कर्नलच्या हालचाली नोंदवणाऱ्या साधनाने ‘केफ्री एसकेबी’ हा ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलमधली नोंदीची ठरलेली जागा, नोंदवला तर ही कारणे सरळ शब्दांत वाचता येतात. वरच्या उदाहरणातला कर्नल ६.१ असल्याने तिथे परफ लावला असता तर पहिला टप्पा आणखी लवकर उरकला असता, हे मान्य करायला हवे. ज्यांचा कर्नल नवा आहे आणि ज्यांना परफची सवय आहे, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

सिलियम प्रकल्पातील पीडब्ल्यूआरयू हे आणखी ताकदीचे साधन आहे. एखादे पॅकेट कर्नलच्या कोणकोणत्या फंक्शनमधून गेले याचा पूर्ण प्रवास ते ईबीपीएफ, म्हणजे कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय, हिच्या मदतीने छापते, आणि टीसीपीडंपसारखे फिल्टर लावता येत असल्याने हव्या त्या पॅकेटावर बोट ठेवता येते. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या यंत्रावर मी ड्रॉपवॉचऐवजी डोळे झाकून हेच वापरीन. पण ते शेकडो फंक्शनवर पहारा लावून बसते, त्यामुळे भाराखाली असलेल्या यंत्रावर जपून वापरावे लागते, आणि ५.३ पेक्षा जुन्या कर्नलवर चालत नाही. ड्रॉपवॉचचा भार त्या मानाने नगण्य आहे, कारण ते फक्त टाकलेल्या पॅकेटांकडे पाहते. एमटीआरची गोष्ट निराळी. ते आपल्या यंत्राबाहेरच्या वाटेसाठी आहे. त्यात मधल्या एखाद्या राउटरवर गळती दिसली आणि शेवटच्या टप्प्यावर दिसली नाही, तर तो राउटर आयसीएमपी या चाचणीच्या संदेशांना उत्तरे देण्यात काटकसर करतो आहे, इतकाच त्याचा अर्थ होतो. घरच्या ब्रॉडबँडबद्दल तक्रार असलेल्यांनी एमटीआरच वापरावे, ड्रॉपवॉचकडे वळण्याचे त्यांना काही कारण नाही.

ड्रॉपवॉचची शिफारस मी करतो ती रेड हॅट किंवा डेबियन परिवारातील साधे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्याकडे ५.१७ पूर्वीचे कर्नल अजून चालू आहेत त्यांना. ते अपग्रेडनंतर शोधत बसण्याऐवजी अपग्रेडच्या आधीच बसवून ठेवावे आणि जुन्या कर्नलवर, कामाच्या ऐन वेळी, थोडा वेळ चालवून त्याच्या ओळी एका फाइलमध्ये जपून ठेवाव्यात. सोबत इथटूलने दिलेले ड्रायव्हरचे नाव, फर्मवेअरची आवृत्ती, रिंग बफरचा आकार आणि सॉफ्टनेट स्टॅट या प्रोक फाइलचा मजकूरही ठेवावा. या फाइलमधले आकडे सोळाच्या पायावर असतात आणि प्रत्येक सीपीयूची एक ओळ असते. तिच्यातला दुसरा रकाना बॅकलॉगच्या ड्रॉपचा, हे लक्षात असू द्यावे. नव्या कर्नलवर हेच सारे पुन्हा घेऊन दोन्ही फाइली डिफने ताडून पाहिल्या, तर ड्रायव्हर बदलल्याची ओळ पहिल्याच नजरेत दिसते.